सासूबाईंच्या छातीत अध्यक्ष

धर्मादाय दवाखान्यात एक्स-रे बघायचा नवा स्क्रीन आला आणि अध्यक्ष रंगरावांनी समोरच्याच भिंतीवर आपला हात जोडलेला फोटो लावला, वर झगझगीत दिवा!

डॉक्टर मृदुलाबाई स्क्रीन तपासायला बसल्या, तर स्क्रीनच्या काचेत फोटोतले रंगराव उभे. अशाने फुफ्फुसातला बारीक डाग दिसायचा कसा? "साहेब, फोटो काढा," बाई म्हणाल्या.

"स्क्रीन मी आणला. फोटो हलायचा नाही!" रंगराव गरजले.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सासूबाई, भागीरथीआक्का, खोकत खोकत एक्स-रे काढून बसल्या. रंगरावांना रिपोर्टची घाई. "काय निघालं?"

"आक्कांच्या छातीत एक माणूस दिसतोय, साहेब. मिशीवाला, हात जोडून उभा. तो हलायचा नाही म्हणतो, मग ऑपरेशनची तारीख देऊ?"

रंगराव वाकून बघतात तो काय, बरगड्यांमागून स्वतःच नमस्कार करतायत!

आक्का खदखदल्या, "जावईबापू माझ्या छातीवर बसलेत, हे मी लग्नापासून सांगतेय. मशीन लावलं तेव्हा कुठे पटलं!"

रंगराव स्वतःच स्टुलावर चढले. फोटो उतरला, दिवा विझला. बाईंनी आक्कांची फुफ्फुसं कोपरान् कोपरा न्याहाळली आणि त्या हसून म्हणाल्या, "आत कुणीही नाही, आक्का. साधा खोकला आहे."