राजाशिवाय राजाचं नाटक

जत्रेला चार दिवस उरले होते आणि वडसाखरीच्या हौशी नाट्यमंडळाकडे राजा नव्हता.

नाटक होतं सातशे वर्षांपूर्वीच्या राजा भोगदेवावर. लिहिलं होतं पेठे मास्तरांनी, आणि करायला लावलं होतं गावच्या इनामदारांनी, भैयासाहेबांनी. भोगदेव आपला पूर्वज, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा एवढाच, की भोगदेवाला आंबे फार आवडत असं कुठंसं लिहिलेलं होतं, आणि भैयासाहेबांनाही आवडत.

तीन राजे त्यांनी तालमीतून हाकलले. पोस्टमास्तरांच्या पिंडऱ्या बारीक निघाल्या. किराणा दुकानदाराला मुकुट घातला, तर तो मुकुटासकट तराजू धरल्यासारखा उभा राहिला. तिसरा खुद्द त्यांचा कारभारी. तो सिंहासनावर जरा जास्तच ऐटीत बसला, हा त्याचा गुन्हा. मग भैयासाहेबांनी हुकूम सोडला.

"आमच्या घराण्याबाहेरचा माणूस त्या सिंहासनावर बसायचा नाही. आमच्या घराण्यातला माणूस तोंडाला रंग फासायचा नाही. आणि जत्रेदिवशी दरबारात राजा दिसलाच पाहिजे. नाही दिसला, तर नाट्यगृहाला कुलूप. कायमचं."

नाट्यगृह त्यांच्याच मालकीचं होतं. तालमीत मिशांना पीळ भरून तीन लढाया जिंकणारे मंडळाचे सरदार खाली माना घालून "होय सरकार" म्हणाले. सेनापतीने तर दोनदा म्हटलं.

कोपऱ्यात सुंद्रा शिंपीण राणीच्या शालूला जरीचा काठ लावत बसली होती. नवरा गेल्यापासून मंडळाचे सगळे कपडे तीच शिवायची. कुणाची छाती किती इंचांची, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज तालमी ऐकून सबंध नाटक तिला तोंडपाठ झालं होतं. तिने दोरा दाताने तोडला आणि सांगितलं, की सरकारांनी निर्धास्त असावं, राजा दिसेल.

भैयासाहेब गेल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडले. मास्तर म्हणाले, तू आम्हा सगळ्यांना देशोधडीला लावणार. सुंद्राने त्यांचं पोटभर बोलून होऊ दिलं. मग तिने समजावलं. सिंहासन रंगमंचावर ठेवायचंच नाही. खाली, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध ठेवायचं. भैयासाहेब येतील आणि आपणहून त्यावर बसतील. दरबाराने तिकडे तोंड करून मुजरे घालायचे. राजाची वाक्यं चोपदाराने म्हणायची, "महाराज म्हणतात" असं पुकारून. घराण्यातलाच माणूस बसेल, तोंडाला रंग लागणार नाही, आणि राजा सगळ्या गावाला दिसेल. मास्तरांनी वही चाळली, डोकं खाजवलं आणि शेवटी, हे मलाही सुचलंच होतं, असं सांगितलं.

जत्रेच्या दिवशी दुपारी चारला नाट्यगृह गच्च भरलं. भैयासाहेब परगावच्या व्याह्यांना घेऊन आले. पहिल्या रांगेतलं सिंहासन बघून क्षणभर थबकले आणि असे बसले, जणू जन्मल्यापासून तिथंच बसले होते. पडदा उघडला. चाळीस माणसांनी त्यांना वाकून मुजरा केला. न पाठांतर, न रंग, आणि सगळा दरबार समोर लवलेला! पहिल्या अंकात त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यात मिशीवरून हात फिरवला. तिसऱ्यात चोपदार "महाराज म्हणतात" म्हणताच ते स्वतःच हात उंच करू लागले.

चौथ्या अंकात दुष्काळ पडतो आणि एक कुंभारीण राजाकडे दाद मागायला येते. वाक्यं मोजून चार, म्हणून ते काम कुणालाच नको होतं. ते सुंद्राकडे आलं होतं.

ती पुढे आली, सिंहासनाकडे बघून हात जोडले. "महाराज, नदी आटली. लेकरं तहानली. तुमच्या बारवेत पाणी आहे, पण दाराला कुलूप आहे. कुलूप काढा."

इथं चोपदाराने "महाराज म्हणतात, काढलं" असं पुकारायचं होतं. पण या जागी तोंड उघडायचं नाही, असं सुंद्राने त्याला सकाळीच बजावलं होतं.

गावात बारव एकच, ती भैयासाहेबांची, आणि शिमग्यापासून तिला कुलूप होतं. तिचं पाणी त्यांचे दोनशे गुलाब पीत होते. गावातल्या बायका कोसभर लांबून हंडे आणत होत्या, त्यात सुंद्राही होती. शेकडो डोळे सिंहासनाच्या पाठीवर खिळले. व्याह्यांनी भोळेपणाने विचारलं, की आता उत्तर कुणी द्यायचं?

भैयासाहेब घुश्शात म्हणाले, "बाई, आम्ही नाटक बघायला आलोय. आम्ही काही राजा नाही."

नाट्यगृह गेलं, मंडळ गेलं, आपली शिलाईही गेली, असं सुंद्राला वाटलं. पण पाऊल मागे घ्यावंसं वाटेना. ती नम्रपणे म्हणाली, "चुकलं सरकार. मग राजा कुठल्या रांगेत बसलाय, तेवढं बोट करून दाखवा. दरबार तिकडं तोंड फिरवील, आणि सिंहासनही तिकडंच नेऊन ठेवू."

त्याबरोबर चाळीस सरदारांनी माना उंचावून मागच्या रांगांत राजा शोधायला सुरुवात केली. सेनापती तर कपाळावर आडवा हात धरून बघत होता. मागच्या रांगेतला एक म्हातारा कोष्टी उगीचच ताठ बसला.

भैयासाहेबांनी सिंहासनाचे हात गच्च धरले. त्यांनी सुंद्राकडे पाहिलं, मग त्या कोष्ट्याकडे, मग स्वतःच्या बुडाखाली. आणि एकदम त्यांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. हसता हसताच त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि रंगमंचावर भिरकावला.

"यातली मोठी किल्ली बारवेची, कुंभारणी," ते म्हणाले. "आणि पितळेची या नाट्यगृहाची. दोन्ही तूच ठेव."

सुंद्राने जुडगा उचलून पदराला घट्ट बांधला आणि विंगेकडे तोंड करून म्हणाली, "मास्तर, पडदा पाडा. महाराजांचं मन बदलायच्या आत."