गुणी बाळाचा शाप

एका राज्यात रडायला बंदी नव्हती, पण न रडणाऱ्या बाळाचं कौतुक फार होतं. राज्य मोठं, राजा धुरंधर त्याहून मोठा, आणि दोघांहून मोठं राजाच्या मनातलं भय. त्याची दोन लेकरं जन्मून सहा महिन्यांच्या आत गेली होती. दृष्ट लागली, असं लोक म्हणाले. म्हणून तिसरी मुलगी झाली तेव्हा राणी चित्रावतीने तिला पदराबाहेर काढलंच नाही.

तेव्हा कालदंष्ट्र नावाचा मांत्रिक एक रत्नजडित पाळणा घेऊन दरबारात आला. पाळणा आपला आपण हले, आपला आपण अंगाई गाई.

"महाराज, यात बाळ रडणार नाही की आजारी पडणार नाही," मांत्रिक म्हणाला. "अट एकच. तीन वर्षं कुणी तिला हात लावायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही. माणसाचा स्पर्श झाला की दृष्ट लागलीच."

भ्यालेल्या माणसाला कसलीही अट पटते. राजाला पटली. राणीने काळजावर दगड ठेवून बाळ पाळण्यात निजवलं.

बाळ खरंच रडेना. स्फटिकाच्या झारीतून दूध आपोआप तिच्या तोंडात पडे. नगरात एकच वाहवा झाली, बाळ असावं तर असं गुणी! मला विचाराल तर गुणी बाळ म्हणजे मोठ्यांची झोप न मोडणारं बाळ. त्यापलीकडे त्या शब्दाला काही अर्थ नाही. पण मला कोण विचारतो?

त्या नगरात ठकूबाई नावाची न्हाऊ घालणारी होती. चाळीस वर्षं नगरातली तान्ही पोरं तिच्या लांब केलेल्या पायांवर निजून न्हायली होती, राजासुद्धा. आणि नगराची रीत अशी, की जिथे तान्हं बाळ तिथे न्हाऊ घालणारीला दार उघडं. वर्ष झालं तरी राजवाड्यातून बोलावणं येईना, तेव्हा ठकूबाई तेलाची वाटी घेऊन स्वतःच निघाली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले.

"तुला मीच न्हाऊ घातलंय रे," ती एकाला म्हणाली. भाले बाजूला झाले.

पाळण्यातलं वर्षाचं बाळ अजून जन्मल्या दिवसाएवढंच होतं. ठकूबाईने टाळी वाजवली. बाळाने मान वळवली नाही. तिने चुटकी वाजवली. बाळाची नजर छताला तशीच. मग अट मोडून तिने बाळाच्या तळपायाला हात लावला. तो माणकासारखा लाल, थंड आणि टणक होता.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती माणसासारखी बोलली. "ठकूबाई, हा शापित खजिन्यातला पाळणा. यावरचं एकेक रत्न म्हणजे एकेक बाळ, ज्याला कुणी ओ दिली नाही. तीन वर्षं ही नुसती थाप; आजपासून तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की हीसुद्धा माणीक होईल. त्याआधी तिने एकदा रडावं, एकदा हसावं, आणि एक शब्द स्वतःच्या मनाचा बोलावा. तरच शाप तुटेल."

तोवर राजा धावत आला. "बाई, हात मागे घ्या! शिरच्छेद होईल!"

"करा," ठकूबाई म्हणाली. "पण तीन दिवसांनी. तोवर पोर माझ्या पायांवर राहील. महाराज, ही गुणी नाही. हिला गप्प केलंय."

राजामागून आलेला मांत्रिक खदाखदा हसला. "तीन दिवस दिले! एका न्हाऊ घालणारीने काय होणार?"

पहिल्या दिवशी त्याने राज्यातलं सगळं पाणी गोठवलं. विहिरीत बर्फ, घंगाळात बर्फ. ठकूबाईने तळहातावर तळहात चोळले, त्यात तेल कोमट केलं, आणि बाळाला पायांवर घेऊन टाचेपासून मांडीपर्यंत रगडू लागली. दुपारपर्यंत हात भरून आले. मग लाल पाय गोरा झाला, गोरा पाय ऊन झाला, आणि बाळाने तोंड उघडून असा टाहो फोडला की विहिरींतला बर्फ तडकला.

राजाने कान झाकले. "थांबवा! पाळण्यात ठेवा तिला!"

"हाक मारते आहे ती, महाराज. राणीसाहेब, घ्या."

"मला येत नाही," राणी म्हणाली.

"कुणाला येतं? मान धरा. कधी कुणी सावरली नाही तिची."

राणीने बाळ छातीशी धरलं आणि वर्षभराचं रडली. दोघी एकदमच शांत झाल्या. त्या एका दिवसात पोर चार महिन्यांएवढी वाढली आणि मान धरू लागली.

दुसऱ्या दिवशी मांत्रिकाने वाड्यातल्या सगळ्यांचे चेहरे पुसले. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नुसती पालथी ताटं; आवाज तेवढे उरले. चेहराच दिसला नाही तर बाळ हसणार कुणाकडे बघून?

"महाराज, शेला तोंडावर घ्या आणि बुवा-कुक करा."

"मी राजा आहे!"

"बाळाला ते ठाऊक नाही."

राजाने शेल्याआड तोंड लपवलं. "बुवाऽऽ" म्हणत तो वाकला, आणि "कुक!" म्हणून शेला सारला तेव्हा त्याचा चेहरा जागेवर आला होता, मिशांसकट. पोर टक लावून बघत राहिली. सातव्या वेळेला ती खुदकन हसली. वाड्यात प्रत्येकाला ज्याचं त्याचं नाक परत मिळालं. त्या दिवशी पोर आणखी चार महिन्यांएवढी वाढली.

तिसऱ्या दिवशी पोर जमिनीवर रांगू लागली. खांब चाटला, माती खाल्ली, दोनदा आपटली. ठकूबाईने कुणाला मध्ये पडू दिलं नाही. संध्याकाळ होत आली आणि पाळणा आपल्या चार पायांवर चालत दालनात आला. अशी गोड अंगाई गाऊ लागला की पहारेकरी उभ्या उभ्या पेंगले. पोर रांगत त्याच्यापाशी गेली आणि त्याची सोन्याची दांडी धरून उभी राहिली. तिच्या बोटांची टोकं लाल होऊ लागली.

"उचला तिला!" राणी किंचाळली.

"आपण ओढून नेलं तर शब्द आपला होईल," ठकूबाई म्हणाली.

आणि राजाने नेमकी तीच चूक पुन्हा केली. अंगाईने त्याचे डोळे जड झाले होते. "दमली असेल पोर. घटकाभर निजू दे," असं म्हणत त्याने बाळाला काखेत धरून पाळण्यावर उचललं.

बाळाने कमानीसारखी पाठ ताणली. दोन्ही पाय पाळण्यावर झाडले. आणि दालन दणाणून गेलं.

"नको!"

पाळणा उलटला. रत्नं फरशीवर विखुरली आणि एकेका रत्नाचं एकेक बाळ झालं. शंभरावर बाळं एकाच वेळी रडू लागली. कोपऱ्यातून हे बघणाऱ्या कालदंष्ट्राने आयुष्यात कधी रडणं ऐकून घेतलं नव्हतं. कान दाबून तो दारातून पळाला, तो सात राज्यं ओलांडेपर्यंत थांबला नाही.

प्रधान, सेनापती, पुरोहित भिंतीला टेकून उभे होते.

"बघता काय?" ठकूबाई कडाडली. "उचला!"

त्यांनी उचलली. सेनापतीच्या चिलखतावर एक बाळ ओकलं आणि त्याने ते पुसलं. महिन्याभरात नगरातल्या घराघरांत ती बाळं गेली, आणि गुणी हा शब्द कुणी फारसा वापरेना.

वर्षभराने राजाने ठकूबाईला बोलावलं. तो थकलेला दिसत होता.

"बाई, ती दिवसभर नको म्हणते. जेवायला नको, निजायला नको, मीसुद्धा नको. काय करू?"

"ऐका," ठकूबाई म्हणाली आणि तेल कोमट करायला गेली.

इथे कथा पुरी झाली. ऐकताना ज्यांच्या घरात बाळ रडत असेल, त्यांनी आधीच उठायला हवं होतं. कथा थांबली असती.