भागू सुतारीण आणि पेटीतले मामंजी

फार वर्षांपूर्वी, भिरंडवाडीत अजून बैलगाडीसुद्धा धड येत नव्हती तेव्हा, पेटी करावी तर धाकू मेस्त्रींनीच. त्यांच्या पेटीतल्या शालूला वीस वीस वर्षं कसर लागत नसे, असं म्हणतात. पण त्यांचा एकुलता एक मुलगा भजनात रमलेला. पटाशी आणि टाळ समोर ठेवले, तर त्याला टाळच तेवढा ओळखू येई. काम शिकायची हौस होती ती सुनेला, भागूला.

मेस्त्री म्हणाले, "शीक गो. पण दसऱ्याच्या आत एक पेटी पास झाली पाहिजे. नाहीतर माझी हत्यारं पुतण्याकडे जातील."

पास करायची त्यांची रीतही मुलखावेगळी. भर दुपारी पेटी अंगणात ठेवायची, स्वतः आत बसून झाकण ओढून घ्यायचं आणि सांध्यातून उजेडाची रेघ दिसते का ते बघायचं.

भागूच्या पहिल्या पेटीतून मामंजी ओरडले, "इथे बसून पोथी वाचता येईल!" दुसरीला म्हणाले, "हिच्यात कोंबड्या ठेव, हवा खेळती राहील."

भागू रडली नाही. तिने खरंच तिच्यात कोंबड्या ठेवल्या आणि तिसरीसाठी फणसाचं लाकूड काढलं. एकेक सांधा शंभरदा बसवून बघायची, केसाएवढा तासायची. घरात रोज भात करपायचा, पण सांधा हलायचा नाही, असं म्हणतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामंजी तिसऱ्या पेटीत बसले. झाकण इतकं सावकाश खाली आलं, की बघणाऱ्यांचा विडा चघळून झाला. शेवटी आतून आवाज आला, "गो भागू... उघड."

उघडतंय कुठलं! झाकण बसतानाच आतली हवा निघून गेलेली आणि बाहेरची शिरायला फट नाही. सहा गड्यांनी झाकण धरून ओढलं, तर अख्खी पेटीच वर उचलली गेली, मामंजींसकट.

भागूने मागचापुढचा विचार न करता कुऱ्हाड घेतली. पेटी गेली तर गेली! तोच आतून गर्जना झाली, "खबरदार कुऱ्हाड लावशील तर! असा सांधा मलासुद्धा कधी जमला नाही!"

अख्ख्या वाडीने ऐकलं. भागू म्हणाली, "मामंजी, श्वास जपा. कौतुक मागाहून करा." आणि कुऱ्हाड टाकून तिने सामत्याने मागच्या फळीला तांदळाएवढं भोक पाडलं. अशी शीळ घुमली, की खाडीपलीकडचे बैल दावी तोडून पळाले, आणि झाकण आपसूक उघडलं.

मामंजी घामाघूम होऊन बाहेर आले. पेटीभोवती एक फेरी मारली. "भोक आहे," म्हणाले. भागूचा चेहरा उतरला.

"असू दे. त्यातूनच मी परत आलो."

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा भागूच्या हातून झाली. पुतण्याला नुसतं आपट्याचं पान गेलं.

आजही भिरंडवाडीच्या प्रत्येक पेटीला मागे एक बारीक भोक असतं. त्याला 'भागूचं नाक' म्हणतात. नवरीबरोबर पेटी सासरी गेली, की आधी सासऱ्याने वाकून त्या भोकातून आत बघायचं, मगच झाकण उघडायचं. काही सासरे त्या दिवसापुरते तरी सुनेपुढे वाकतात, असं म्हणतात.