डोळ्यांत बघून सांगा

कऱ्हेकाठच्या वृद्धाश्रमात ऋजुता आणि तिचे मित्र, सगळीच स्वमग्न मुलं, दर रविवारी आजी-आजोबांना घेऊन गाण्यांची मैफल जमवत. एकदा आश्रमाचे अध्यक्ष दाजीसाहेब मधेच येऊन गरजले, "जी पोरगी डोळ्याला डोळा देत नाही, ती म्हाताऱ्यांना काय जीव लावणार? माझ्या डोळ्यांत बघून बोल, नाहीतर आजपासून गाणं बंद!"

ऋजुता संतापली. पेटीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "डोळ्यांत बघून मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग तुमच्या आई इथेच राहतात, त्या समोर बसल्यात. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगा, गाणं बंद."

दाजीसाहेबांनी मान खाली घातली.

"सांग की रे," म्हातारी म्हणाली, "त्या निमित्तानं तरी माझ्याकडे बघशील."

दाजीसाहेबांची मान काही वर झाली नाही. ऋजुताने पेटी पुढे ओढली आणि गाणं सुरू केलं.