कागद निघेना, बोंडू अडकला

खारींच्या घरात एक नियम होता.
सरकारी कागदाला दात लावायचा नाही.
का, असं विचारायचं नाही.
आजी रोज सांगायची. मामा रोज सांगायचा.

ठिणगी होती एवढीशी खार. तिचा भाऊ बोंडू, तो तर अगदीच एवढासा.
दोघं राहायची जांभळाच्या झाडात. झाड जुनं, झाड जाडजूड. झाडात ढोली. ढोलीला गोल दार.
झाड होतं एका मोकळ्या प्लॉटवर. झाडाला टेकून, खुर्ची टाकून बसायचे प्लॉटवाले आजोबा.

एक दिवस ठिणगी गेली खाऊ शोधायला.
तुरुतुरु गेली. तुरुतुरु आली.
बघते तर काय, दार नाही.
दारावर कागद. चारी बाजूंनी घट्ट चिकटलेला.
आत बोंडू. चिक चिक. चिक चिक.

आजी वरच्या फांदीवरून म्हणाली, "सरकारी कागद आहे गं. हात जोड आणि गप्प बस."
मामा म्हणाला, "निघेल कधीतरी."
ठिणगी काही गप्प बसली नाही.

"कागदा कागदा, निघ ना. बोंडू अडकला."
कागद म्हणाला, "मी नाही निघणार. माझ्यावर काय लिहिलंय बघ. हे झाड तोडायचं आहे. तोडणं कुणाला नको असेल तर सांगा."
"मला नको आहे," ठिणगी म्हणाली.
"मी सांगायला आहे. ऐकायला नाही. शिक्का हलेल, तर मी निघेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिणगी गेली झाडांच्या ऑफिसात.
टेबलावर बसला होता शिक्का. निळ्या शाईत बूड बुडवून.
"शिक्क्या शिक्क्या, हल ना. कागद निघेना, बोंडू अडकला."
शिक्का म्हणाला, "मी नाही हलणार. मला पाय आहेत का? साहेब उचलतील, तर मी हलेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिणगी गेली टेबलाच्या पलीकडे.
तिथे होते झाडांचे साहेब. चहात बिस्किट बुडवत होते.
"साहेब साहेब, शिक्का उचला ना. शिक्का हलेना, कागद निघेना, बोंडू अडकला."
साहेब म्हणाले, "मी नाही उचलणार. झाड केवढं आहे, मला काय माहीत? टेप मोजेल, तर मी उचलेन."
बिस्किट चहात पडलं. डुबुक.
ते मात्र साहेबांनी लगेच उचललं.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिणगी गेली खुंटीपाशी.
खुंटीवर टेप. गोल गोल गुंडाळून झोपलेला. घुर्रर्र, घुर्रर्र.
"टेपा टेपा, झाड मोज ना. साहेब उचलेनात, शिक्का हलेना, कागद निघेना, बोंडू अडकला."
टेप म्हणाला, "मी नाही मोजणार. झाडाला टेकून आजोबा बसलेत. आजोबांसकट मोजू का? आजोबा उठतील, तर मी मोजेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठिणगी आली परत झाडापाशी.
खुर्चीत आजोबा. पाठ झाडाला. पाय गार सावलीत.
आजोबांना तिथे घर बांधायचं होतं. आजोबांना झाड नको होतं. सावली हवी होती.
"आजोबा आजोबा, उठा ना. टेप मोजेना, साहेब उचलेनात, शिक्का हलेना, कागद निघेना, बोंडू अडकला."
आजोबा म्हणाले, "मी नाही उठणार. हा कागद आठवडाभर झाडावर राहायला हवा. मी त्याची राखण करतोय. कागद निघेल, तर मी उठेन."

ठिणगी थांबली.
"म्हणजे पुन्हा कागद?"
"पुन्हा कागद," आजोबा म्हणाले.
"मग पुन्हा शिक्का, पुन्हा साहेब, पुन्हा टेप, पुन्हा तुम्ही?"
"पुन्हा मी."
"नुसतं गोल गोल?"
"असंच असतं, बाळ. मोठी झालीस की कळेल."

आत बोंडू. चिक चिक.
मग एकच चिक.
मग अगदी बारीक, चि.

ठिणगी म्हणाली, "मी नाही फिरणार."
तुरुतुरु चढली. थेट दारापाशी.
"दात लावू नकोस गं," आजी म्हणाली.
"लोक काय म्हणतील?" मामा म्हणाला.
ठिणगीने दात लावला.
कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.
'हे झाड' खाल्लं. 'तोडायचं' खाल्लं. 'आहे'सुद्धा खाल्लं.
चिकटवायची खळ जरा आंबट होती. तीही खाल्ली.

कागद निघाला.
कागद निघाला, तसे आजोबा उठले. राखायला काही उरलंच नाही.
आजोबा उठले, तसा टेप धावत आला. सुर्रर्र. झाडाभोवती फिरला. टेप संपला, झाड उरलं.
टेपने मोजलं, तसे साहेब आले. धापा टाकत, शिक्का घेऊन.
"एवढं जाड झाड?" साहेब म्हणाले. "एवढं जाड झाड तोडायचं नाही."
साहेबांनी शिक्का उचलला. शिक्का हलला.
पण मारायचा कुठे? कागद तर ठिणगीच्या पोटात.
साहेबांनी इकडे पाहिलं. साहेबांनी तिकडे पाहिलं.
समोर आजोबांचं टक्कल. गोल, गुळगुळीत.
ठप्प.
टकलावर निळी निळी अक्षरं उमटली. तोडायचे नाही.
"हे पुसलं जाईल का हो?" आजोबांनी विचारलं.
"अर्ज करा," साहेब म्हणाले.

ढोलीतून आधी आलं नाक. मग आल्या मिशा. मग आला अख्खा बोंडू.
आला आणि ठिणगीच्या शेपटीला बिलगला.

आजी आणि मामा फांदीवरून खाली आले. हळूहळू आले.
आजी म्हणाली, "झालं ते झालं. पण नियम तो नियम. कान धर. म्हण, पुन्हा कागदाला दात लावणार नाही."
ठिणगी म्हणाली, "मी नाही म्हणणार."
"मोठ्यांना उलट बोलतेस?" मामा म्हणाला.
"पुन्हा दार झाकलं, तर पुन्हा खाईन. बोंडू आत रडत होता. तुम्ही फांदीवर बसून काय करत होता?"

आजीने मामाकडे पाहिलं. मामाने आजीकडे पाहिलं.