दोन आणि दोन तीन

एका राज्यात विश्वंभरपंत नावाचे पंतोजी होते. राजाने एका सकाळी त्यांच्या खांद्यावर जरीची शाल घातली, आणि त्याच दुपारी युवराजाने पाटीवर लिहिले, दोन आणि दोन तीन. भरल्या वर्गात, राजासमोर पंतोजी म्हणाले, "शाबास, बरोबर!"

झाले! त्या घटकेपासून राज्यात दोन आणि दोन तीनच होऊ लागले. गुराखी चार गाई रानात नेई, तीन परत आणी. चार पायांच्या बाजा तीन पायांवर लटपटू लागल्या. पंतोजी घरी जेवायला बसले, तर दोन मुलगे आणि दोन मुलींच्या जागी तीनच लेकरे! धाकटी ठकी कुठेच नव्हती. पंतोजींच्या तोंडचे पाणी पळाले.

अंगणात भारद्वाज पक्षी बसला होता. तो म्हणाला, "जिथे चुकीला बरोबर म्हटलेत, तिथेच तिला चूक म्हणा."

"राजासमोर? दुसरा उपाय नाही?"

"आहेत दोन. फार अवघड."

पंतोजींना हायसे वाटले. सात डोंगर ओलांडून त्यांनी चेटकिणीच्या झऱ्यात पाटी धुतली. अक्षरे अधिकच उजळली. राक्षसाच्या डोळ्यांदेखत त्याच्या डोहात शाल बुडवली; ती कोरडीठाक होऊन पुन्हा खांद्यावर येऊन बसली.

"फसवलेस मला!" घरी परतून पंतोजी भारद्वाजावर ओरडले.

"अवघड म्हणालो होतो," भारद्वाज म्हणाला. "उपयोगी कधी म्हणालो?"

सात डोंगर परवडले, पण राजापुढची सात पावले नकोत! तरी ठकीसाठी पंतोजींनी राजाला वर्गात बोलावले आणि ते पुढे झाले.

"युवराज, तुमचे उत्तर चुकले होते. या शालीपायी मी ते बरोबर म्हटले. दोन आणि दोन चार."

राजाचा हात तलवारीवर गेला. एवढ्यात युवराज उठून म्हणाला, "आबासाहेब, चुकले असे मलाही वाटत होते. पण कुणी सांगेचना!"

राजाची मान खाली गेली. पंतोजींच्या खांद्यावरची शाल आपोआप गळून पडली, आणि दारातून ठकी धावत आली. "बाबा, मी केव्हाची हाका मारतेय!" पंतोजींनी तिला उचलले आणि ते साऱ्या वर्गादेखत आनंदाने रडले.

रानातून चारही गाई परतल्या. सहामाहीला युवराज गणितात सपशेल नापास झाला. राजाने हत्तीवरून नगरभर पेढे वाटले. लेकाचा खरा निकाल त्याच्या हाती पहिल्यांदाच आला होता.