थकून दिलेली मान्यता

एका शहरात इंदुमती गोडांबे नावाच्या एक अधिकारी होत्या. आजारी माणसांसाठी मोबाइलवर जी अ‍ॅप निघत, ती तपासून त्यांना मान्यता देणे हे त्यांचे काम. मान्यता मिळाली की अ‍ॅपवर सरकारी शिक्का दिसे आणि लोक निर्धास्त होत.

काम किचकट होते, माणसे कमी होती. एखादे अ‍ॅप परत पाठवले की बनवणारे चिडत, वरून फोन येत, आणि तेच अ‍ॅप नवे नाव लावून पुन्हा टेबलावर येई. वर्षानुवर्षे हेच चालले होते. पूर्वी इंदुमतीबाई भांडत. हल्ली नुसता चष्मा काढून डोळे चोळत.

एकदा नीरज भोपळे नावाचा तरुण ‘नाडीसखी’ नावाचे अ‍ॅप घेऊन आला. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचे, की फोन रक्तदाब सांगणार. दंडाला पट्टा नको, दवाखान्याची रांग नको. नीरज मनाने वाईट नव्हता. लांबच्या गावांतल्या माणसांची सोय व्हावी, असे त्याला खरेच वाटत होते.

कचेरीतल्या सगळ्यांनी बोट ठेवून पाहिले. आकडे पट्ट्याच्या यंत्राशी जुळले. पण नियम असा होता, की गावांत, कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत जाऊनही अ‍ॅप तपासायचे. इंदुमतीबाईंनी त्यासाठी गाडी मागितली होती. ती मिळाली नव्हती.

कचेरीचे साहेब म्हणाले, “बाई, किती अडवणार? लोक काय, तसेही वापरतातच. करून टाका सही.”

नीरज म्हणाला, “बोटं सगळीकडे सारखीच असतात, मॅडम.”

तसे असेलच असे नाही, हे बाईंना कळत होते. पण पुन्हा पत्र लिहा, पुन्हा गाडी मागा, पुन्हा बोलणी खा, याचा विचारही त्यांना नकोसा झाला. त्यांनी सही केली. घरी गेल्या आणि न जेवताच आडव्या झाल्या.

दूरच्या एका गावात भामाबाई आणि तिचा नवरा लिंबाजी शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधत. पाने ओढून आणि दोर आवळून भामाबाईची बोटे पार राठ झाली होती. तिला रक्तदाबाची रोजची गोळी होती. कुणीतरी लिंबाजीच्या फोनवर नाडीसखी घालून दिले. भामाबाईने बोट ठेवले. फोन म्हणाला, ‘ठीक आहे.’ दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती म्हणाली, “आता बरं झालंय मला. गोळी कशाला?”

मध्येच तिचे डोके दुखे, गरगरे. ती पुन्हा बोट ठेवी. फोन म्हणे, ‘ठीक आहे.’ एका सकाळी केरसुणी बांधता बांधता तिच्या हातातून दोर गळाला. तोंड वाकडे झाले. उजवी बाजू लुळी पडली.

गोळी का सोडली हे लिंबाजीकडून कळताच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंदुमतीबाईंच्या कचेरीत फोन केला. बाईंनी या वेळी गाडीची वाट पाहिली नाही. एसटीने निघाल्या.

भामाबाई खाटेवर पडून होती. नर्सने पट्टा लावून रक्तदाब मोजला. फार चढलेला होता. बाईंनी तिचे बोट हलकेच उचलून फोनवर ठेवले. ‘ठीक आहे.’ लिंबाजीच्या बोटालाही तेच उत्तर आले. मग बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी फोनचा कॅमेरा खाटेच्या लाकडी पायाला टेकवला.

फोन म्हणाला, ‘ठीक आहे.’

बाईंनी फोन खाली ठेवला. लिंबाजीला म्हणाल्या, “दादा, याच्यावर शिक्का मी दिला होता. नीट न बघता दिला.”

लिंबाजी म्हणाला, “आम्हाला वाचता येत नाही, बाई. शिक्का तेवढा ओळखतो.”

बाईंना त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

परत येताच त्यांनी नीरजला बोलावले. तो मान खाली घालून म्हणाला, “बोट वाचता आलं नाही, तर फोन ‘ठीक आहे’ सांगतो. ‘समजलं नाही’ असं सांगितलं की लोक अ‍ॅप काढून टाकतात. आणि यंत्र म्हटलं की मॅडम, थोडं चुकणारच.”

“चुकू दे,” बाई म्हणाल्या. “पण समजत नसेल तर तसं सांगू दे.”

साहेब वैतागले. “आता मान्यता काढून घेतलीत, तर आपलीच अब्रू जाईल. तुमची तर नक्कीच.”

“जाऊ दे, साहेब. तिकडे एका बाईचा हात गेलाय.”

त्यांनी मान्यता काढून घेतली. चूक आपली होती, असे स्वतःच्या नावाने जाहीर केले. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपले. हाताखालचे लोक दबून बोलू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. पुढे नीरजने अ‍ॅप सुधारून आणले, तेव्हा बाई ते घेऊन वीटभट्टीवर गेल्या, धोबीघाटावर गेल्या, पायांना सूज आली तरी हिंडल्या. आता बोट वाचता आले नाही तर फोन सांगे, ‘मला समजले नाही. दवाखान्यात जा.’ मगच त्यांनी सही केली. कितीतरी लोकांनी ते अ‍ॅप काढून टाकले. भामाबाई काठी धरून चालू लागली, पण केरसुणी बांधणे तिला पुन्हा जमले नाही.

एके दिवशी भलत्याच गावातल्या एका गवंड्याने फोनवर बोट ठेवले. ‘मला समजले नाही,’ फोन म्हणाला. गवंडी चिडला, “मग कशाला ठेवलंय तुला?” असे म्हणाला आणि कुरकुरत दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पट्टा लावला, आकडा पाहिला आणि त्याला घरी न सोडता तिथेच झोपवले. तो वाचला. इंदुमती गोडांबे कोण, हे त्याला कधीच कळले नाही. आणि बाईंनाही तो कळला नाही. त्या दिवशी बाई दुसऱ्या एका अ‍ॅपची तपासणी करत उन्हात उभ्या होत्या.

तात्पर्य: आपल्या होकारावर अनोळखी माणसे जीव सोपवतात, तेव्हा थकलो म्हणून होकार देऊ नये. थकलेल्याने विसावा घ्यावा, पण तपास अर्धा सोडू नये. आणि जे कळत नाही ते ‘कळत नाही’ असेच सांगावे.